सुरक्षेचे सॉफ्टवेअर आणि वावरातले हेलिपॅड

वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही. तरी निवडणुकीचे दिवस आले की हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव इथे शाळेच्या मैदानावर किंवा सोयाबीन निघालेल्या वावरात हेलिकॉप्टर उतरते. एरवीही मंत्री, उद्योजक, मोठ्या संस्थांचे पाहुणे छोट्या जेटने नागपूरला येतात आणि तिथून पाऊणशे किलोमीटर रस्त्याने वर्धा-सेवाग्राम गाठतात. ही विमाने एअरलाइनची नसतात. ती एखाद्या उद्योगसमूहाची, राज्य सरकारची किंवा भाड्याने विमान देणाऱ्या छोट्या कंपनीची असतात. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये दसॉ आणि रिलायन्स समूहाने फाल्कन २००० हे बिझनेस जेट नागपुरात बनवण्याची घोषणा केली. पहिले विमान २०२८ पर्यंत बाहेर काढण्याचे उद्दिष्ट आहे. अशा विमानांशी विदर्भाचा संबंध वाढतच जाणार. म्हणून ती चालवणाऱ्या छोट्या विभागांत सुरक्षेचे काम कसे होते, गेल्या काही वर्षांत तिथे आलेल्या सॉफ्टवेअरने काय साधले आणि काय बाकी राहिले, याचा हा आढावा.

आधी हा विभाग कसा असतो ते पाहू. दोन-तीन विमाने, पाच-सहा वैमानिक, मोजके इंजिनिअर, उड्डाणांची जुळवाजुळव करणारे एक-दोन कर्मचारी. एअरलाइनमध्ये सुरक्षेसाठी स्वतंत्र खाते असते. इथे सेफ्टी ऑफिसर म्हणजे बहुधा एक कॅप्टनच, जो आठवड्यातले निम्मे दिवस स्वतः उड्डाणावर असतो. एअरलाइनचे मार्ग ठरलेले, धावपट्ट्या ओळखीच्या. इथे आज मुंबई, उद्या एखाद्या साखर कारखान्याशेजारचे मैदान. आणि सगळ्यांत महत्त्वाचा फरक असा की मागे बसलेला प्रवासी हाच अनेकदा वैमानिकाचा पगार देणारा असतो. नियम, मॅन्युअल, सॉफ्टवेअर या सगळ्यांना या एका गोष्टीशी झगडावे लागते.

नियम जुना आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीमविषयीचा आपला नियम २० जुलै २०१० रोजी काढला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने म्हणजे आयकाओने २०१३ मध्ये या विषयाला स्वतंत्र परिशिष्ट दिले, ते परिशिष्ट १९. त्याचे चार खांब आहेत: सुरक्षेचे धोरण व जबाबदारी, धोक्यांचे मूल्यमापन, उपाय लागू पडतात की नाही याची पडताळणी, आणि लोकांना शिकवणे-सांगणे. मूळ कल्पना सरळ आहे. अपघात झाल्यावर दोषी शोधण्यापेक्षा, अपघात होण्याआधी दिसणाऱ्या बारीकसारीक खुणा गोळा करायच्या, त्यांचे वजन ठरवायचे, उपाय करायचा आणि तो उपाय खरोखर चालतो का हे पुन्हा तपासायचे.

सुरुवातीची वर्षे कागदात गेली. छोट्या विभागाला शे-दोनशे पानांचे मॅन्युअल स्वतः लिहिणे जमत नाही. मग सल्लागाराकडून तयार मॅन्युअल येई, त्यातले कंपनीचे नाव बदलले जाई आणि ते कपाटात उभे राही. धोक्याच्या नोंदीचा छापील फॉर्म हँगरमध्ये टांगलेला असे आणि कोरा असे. सॉफ्टवेअर आले ते याच पोकळीत. आता मोबाइलवर फॉर्म भरता येतो, त्याला फोटो जोडता येतो. नोंद सेफ्टी ऑफिसरकडे जाते. घटना किती वेळा घडू शकते आणि घडली तर किती नुकसान होईल, या दोन मापांच्या पाच गुणिले पाच चौकटीत तिला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग मिळतो. उपाय कोणी, किती तारखेपर्यंत करायचा ते ठरते आणि तारीख उलटली की आठवण जाते. नवीन सूचना कोणी वाचली, कोणी नाही, हेही दिसते. कागदाच्या तुलनेत ही मोठी सोय आहे, आणि ज्या विभागांनी ती मनापासून वापरली तिथे तिचा उपयोग झाला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण व्यवस्था असणे आणि ती चालणे यांत किती अंतर असते, याचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण एका खासगी विमानाचेच आहे. ३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेतल्या बेडफर्ड इथल्या हॅन्सकम फील्डवरून एक गल्फस्ट्रीम जी-४ जेट उडायला निघाले आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन पेटले. आतली सातही माणसे गेली. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटी-पंखांच्या झडपा आपटू नयेत म्हणून एक अडसर लावतात, त्याला गस्ट लॉक म्हणतात. तो काढायचाच राहिला होता. उड्डाणापूर्वी झडपा पूर्ण फिरवून पाहण्याची तपासणी केली असती तर ते लगेच कळले असते. तपासात विमानातल्या नोंद-यंत्राची जुनी माहिती वाचली गेली, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही तपासणी पूर्ण केलेलीच नव्हती असे निघाले. हा विभाग काही बेफिकीर म्हणून ओळखला जाणारा नव्हता. बिझनेस विमानांसाठीचे आयएस-बीएओ हे आंतरराष्ट्रीय मानांकन त्याच्याकडे होते, लेखापरीक्षक येऊन गेले होते. माहिती विमानातच पडून होती. ती काढून वाचायचे काम कोणाचेच नव्हते.

या अपघातानंतर जे झाले ते माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत मोलाचे काम आहे. अमेरिकेच्या बिझनेस एव्हिएशन संघटनेने अनेक विभागांच्या विमानांतली उड्डाण-माहिती नावे पुसून एकत्र केली. १,४३,७५६ उड्डाणे तपासली गेली आणि त्यांपैकी जवळजवळ १८ टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट झाली होती किंवा झालीच नव्हती. म्हणजे बेडफर्डचे वैमानिक एकटे नव्हते. वर्षाला दोनशे-तीनशे उड्डाणे करणाऱ्या एका विभागाला स्वतःच्या आकड्यांतून असे काही कळणे कठीण. त्याचा नमुनाच इतका लहान की त्यातून कल निघत नाही. सॉफ्टवेअर विकणारे आलेख दाखवतात, महिन्याला तीन नोंदींचा आलेख चढतो-उतरतो, आणि त्या चढ-उताराला काही अर्थ नसतो. अर्थ येतो तो अनेकांची माहिती एकत्र झाल्यावर. आपल्याकडे बिझनेस विमानांच्या बाबतीत अशी एकत्र माहिती नियमितपणे पुढे येत नाही, आणि ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

त्यात नियमाचीही एक फट आहे. उड्डाणातली नोंदलेली माहिती नियमित वाचण्याचे बंधन आयकाओच्या मानकात २७,००० किलोंपेक्षा जड विमानांसाठी आहे. बहुतेक छोटी जेट आणि सगळी प्रवासी हेलिकॉप्टरे त्याहून कितीतरी हलकी असतात. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले भाड्याचे लिअरजेट ४५ मुंबईत मुसळधार पावसात, सुमारे ७०० मीटर दृश्यमानता असताना उतरताना धावपट्टीबाहेर जाऊन मोडले. आठही जण वाचले. हे विमान दहा टनांच्या आतले. अमेरिकेनेही २०२४ मध्ये नियम वाढवून भाड्याने विमान देणाऱ्या कंपन्यांना मे २०२७ पर्यंत सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम सक्तीची केली, पण स्वतःच्याच लोकांना नेणाऱ्या कंपनीच्या विमानांना त्यातून वगळले. सर्वांत कमी देखरेख याच वर्गावर राहते.

महाराष्ट्रात पाहिले तर धडे घरचेच आहेत. राज्य सरकारचा विमान विभाग रचनेने कंपनीच्या विभागासारखाच असतो: मोजकी विमाने, मोजके वैमानिक आणि अतिशय वजनदार प्रवासी. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेले राज्य सरकारचे सिकॉर्स्की हेलिकॉप्टर काही क्षणांत खाली आले, विजेच्या तारांना लागले आणि वस्तीशेजारी कोसळले. आतले सगळे वाचले. मे महिन्यातली तापलेली हवा विरळ असते, पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. सकाळी आठला जे वजन सहज उचलले जाते ते दुपारी उचलले जात नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाशिकहून निघालेले मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर वजन जास्त असल्याने लगेच पुन्हा खाली उतरवावे लागले आणि वजन कमी करून मग रवाना झाले. दुसऱ्या प्रसंगात योग्य ते झाले, पण ते उडाल्यानंतर झाले. हा निर्णय जमिनीवरच व्हायला हवा होता.

सॉफ्टवेअरचा जो भाग नेमका इथे कामी यावा तो म्हणजे उड्डाणपूर्व जोखीम-तक्ता. वैमानिक निघण्याआधी प्रश्नांची उत्तरे भरतो: रात्र आहे का, हवामान कसे, उतरण्याची जागा नवी आहे का, वैमानिकांची विश्रांती किती झाली, दोघे एकत्र किती उडाले आहेत, वजन मर्यादेच्या किती जवळ आहे. प्रत्येकाला गुण असतात आणि बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की वरिष्ठाची परवानगी लागते, त्याहून वर गेली की उड्डाण थांबते. तक्ता चांगला आहे. त्याची दुखरी बाजू अशी की वैमानिकाला चार दिवसांत कळते, कोणत्या चौकटीत कोणते उत्तर दिले की बेरीज हिरव्यात राहते. म्हणून तक्ता वापरणाऱ्या प्रत्येक विभागाने एक गोष्ट जरूर पाहावी: सीमेच्या अगदी खाली किती उड्डाणांचे गुण साचले आहेत. तिथे गर्दी दिसली तर समजावे की गुण भरले जात नाहीत, जुळवले जात आहेत. आणि या तक्त्यात मला आजवर क्वचितच दिसलेला एक प्रश्न आपल्याकडे पहिला असायला हवा: हे उड्डाण वेळेत व्हावे म्हणून कोणाचा फोन आला आहे का? सभेला लोक जमले आहेत, पुढची सभा पाचला आहे, हा दबाव हवामानाइतकाच खरा धोका आहे. त्याची नोंद होत नाही तोवर तक्ता अर्धाच भरलेला राहतो.

आता जोडणीविषयी. सुरक्षेचे सॉफ्टवेअर एकटे उभे असेल तर त्याचा फायदा थोडा. ते उड्डाण-वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरला जोडले की वैमानिकाची ड्युटी, विश्रांती, परवान्याच्या तारखा आपोआप येतात. वैमानिकाने पुन्हा भरायच्या नसतात, आणि चुकवायला जागाही राहत नाही. ते देखभालीच्या नोंदींना जोडले की तीच तक्रार तीन वेळा आली हे लक्षात येते. ही दुसरी जोड किती महत्त्वाची आहे ते २ सप्टेंबर २००९ च्या अपघातातून कळते. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांना घेऊन निघालेले सरकारी बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमला जंगलात कोसळले. खराब हवामानात, तेलाच्या दाबाच्या एका इशाऱ्यावरचा उपाय पुस्तकात शोधण्यात दोन्ही वैमानिकांची बहुमोल मिनिटे गेली, असे चौकशी समितीने म्हटले. यंत्राचा इशारा, हवामान आणि वैमानिकांची तयारी या तीन वेगवेगळ्या वह्यांतल्या गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या. त्या आधीच एका पडद्यावर आणणे हेच जोडणीचे काम आहे.

या दोन जोडण्यांवर खूप लिहिले-बोलले जाते. तिसरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी तीच खरी आहे: उतरण्याच्या जमिनीशी जोडणी.

तात्पुरते हेलिपॅड कसे तयार होते ते पाहा. दौरा ठरला की निरोप जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला येतो. सार्वजनिक बांधकाम विभागाचा शाखा अभियंता जागा पाहतो, सपाट करतो, चुन्याचे वर्तुळ आणि आत इंग्रजी एच आखतो. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारतो. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लावली जाते, नगरपरिषदेचा बंब आणि रुग्णवाहिका उभी राहते, पोलीस दोर बांधतात. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून ऑपरेटरकडे जातात. वैमानिकाच्या हाती बहुधा तेवढेच असते. त्या जागेचे खरे ज्ञान मात्र दुसऱ्यांकडे असते. काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते, चाक रुतते, हे शाखा अभियंत्याला माहीत. शेजारच्या वावरात गेल्या महिन्यात कृषिपंपासाठी नवी तार ओढली, हे महावितरणच्या लाइनमनला माहीत. वर्ध्याच्या ७६५ केव्ही उपकेंद्राच्या वाहिन्यांचे मनोरे वैमानिकाला दुरूनच दिसतात आणि त्या नकाशावर असतात. जीव घेते ती अकरा केव्हीची बारीक तार, जी वरून मातीच्या रंगात मिसळून जाते. सभामंडपाचे फ्लेक्स आणि प्लास्टिकच्या खुर्च्या पात्यांच्या वाऱ्याने उडू शकतात, हे मंडपवाल्याला माहीत असते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा टँकरचे पाणी अर्ध्या तासात उडून जाते आणि हेलिकॉप्टर अर्धा तास उशिरा आले तर पुन्हा धुळीचा लोट उठतो, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

यांपैकी एकाचेही नाव ऑपरेटरच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदकर्ता म्हणून नाही. ३ मे २०२४ रोजी, लोकसभा प्रचाराच्या धामधुमीत, महाडला एक हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळले. नशिबाने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुण्यात बावधनजवळ एका रिसॉर्टच्या हेलिपॅडवरून सकाळच्या धुक्यात जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर डोंगराळ भागात पडले आणि तिघे गेले. दोन्ही घटना वेगळ्या, पण दोन्ही धावपट्टी, कंट्रोल टॉवर आणि विमानतळाच्या हवामान केंद्रापासून दूरच्या. आपल्या राज्यात छोट्या विमानसेवेची जोखीम अशाच जागांवर जास्त आहे आणि सॉफ्टवेअरचे फॉर्म मात्र हँगर आणि धावपट्टी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत.

नोंद करणाऱ्याला भीती नसावी, हा या व्यवस्थेचा पाया. सहा वैमानिकांच्या विभागात ‘निनावी’ नोंदीला काही अर्थ उरत नाही; मंगळवारच्या रात्रीच्या उड्डाणाबद्दल लिहिले की कोणी लिहिले ते सगळ्यांना समजते. यावर चांगला उपाय म्हणजे नोंदी विभागाबाहेरच्या, विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडे आधी जाणे आणि त्याने ओळख पुसून पुढे देणे. अनेक छोटे विभाग मिळून असा एक माणूस ठेवू शकतात. परिशिष्ट १९ च्या २०१६ च्या आवृत्तीत सुरक्षेसाठी दिलेल्या माहितीच्या संरक्षणावर भर आहेच. त्याचा आपल्या रोजच्या कामात अनुवाद व्हायला हवा: प्रामाणिक चूक सांगणाऱ्यावर कारवाई नाही, लपवणाऱ्यावर आणि जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यावर आहे, आणि हे कंपनीच्या मालकाच्या सहीने लिहिलेले आहे. मालकाची सही महत्त्वाची, कारण उद्या ‘मी आज उडणार नाही’ हे वाक्य त्यालाच ऐकावे लागणार आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. तयार सॉफ्टवेअर इंग्रजीत येतात. वैमानिकाला अडचण नाही. पण हँगरमधला मदतनीस, इंधनाच्या टँकरचा चालक, हेलिपॅडवरचा अग्निशमन जवान यांच्याकडून इंग्रजी फॉर्मची अपेक्षा ठेवणे म्हणजे त्यांच्याकडून काहीच न ऐकणे. मराठीत बोलून पाठवलेला आवाजी निरोप आणि एक फोटो, एवढेही पुरे आहे. वर्गीकरण सेफ्टी ऑफिसरने करावे, ते त्याचेच काम.

नोंद आली की काम संपत नाही, उलट तिथून सुरू होते. वर्ध्याला हे वेगळे सांगायला नको. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाले, दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले, आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना रात्रीच घर सोडावे लागले. पाझरणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे नंतर बोट दाखवले गेले. जे पाझरते ते पाझरताना कोणाला तरी दिसते. दिसल्यापासून हलवले जाईपर्यंतचा काळ हाच सुरक्षेचा खरा आकडा आहे, आणि कोणतेही सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: नोंद झाल्यापासून उपाय पूर्ण होऊन त्याची पडताळणी होईपर्यंत किती दिवस लागले, हे ते दाखवते का? आणि ज्याने नोंद केली त्याला उत्तर जाते का? उत्तर मिळाले नाही की तोच माणूस दुसऱ्यांदा नोंद करत नाही.

खर्चाचे फार लिहीत नाही. दोन विमानांच्या विभागाने सगळ्यात महागडे पॅकेज घ्यायची गरज नाही. नीट ठेवलेला एक्सेलचा तक्ता, एक मोबाइल क्रमांक आणि दर महिन्याला दोन तास बसून सगळ्या नोंदी मोठ्याने वाचणारी बैठक, यांनी सुरुवात करता येते. विमाने वाढली, नोंदी वाढल्या की सॉफ्टवेअर घ्यावे. घेताना वेळापत्रक आणि देखभालीला जोडता येते का ते पाहावे, आणि कंपनी बदलली तर आपली जुनी माहिती बाहेर काढता येते का हे करारात लिहून घ्यावे. उलट क्रमाने, म्हणजे आधी सॉफ्टवेअर आणि मग सवय, असे झाले की नोंदींऐवजी लेखापरीक्षणापुरते रकाने भरले जातात.

वर्धा जिल्हा प्रशासनाला एक काम आजच करता येईल आणि त्याला मोठा निधी लागत नाही. जिल्ह्यात जिथे जिथे हेलिकॉप्टर उतरले त्या जागांची एक सामाईक नोंदवही करावी: चारही दिशांचे फोटो, तारा आणि मनोऱ्यांची अंतरे, माती पावसात कशी असते, धूळ किती उडते, जवळचा बंब कुठला. शाखा अभियंत्याने आणि महावितरणच्या लाइनमनने ती मराठीत भरावी, प्रत्येक उतरण्यानंतर वैमानिकाने त्यात दोन ओळी घालाव्यात, आणि येणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला, तो सरकारी असो वा खासगी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी ती मिळावी. ऑपरेटरांनी ती आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी आणि त्यात लाल शेरा असेल तर प्रवासी कितीही मोठा असला तरी जागा बदलावी. पुढची निवडणूक लागायच्या आत ही वही तयार असावी, एवढीच जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि विमान चालवणाऱ्या सर्व विभागांना विनंती आहे.